१६ एप्रिलला जन्मलेले विनोदवीर ब्रिटिश: निव्वळ योगायोग की आणखी काही?

नगरी_खाक्या (धागाकर्ता)
बीबीसीच्या नभोवाणीवरील ‘गून शो’ने साऱ्या ब्रिटनला वेड लावणारे विनोदकार स्पाइक मिलिगन आमच्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) जन्मले, ही गोष्ट नगरकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांची जन्मतारीख १६ एप्रिल १९१८. वडील ब्रिटिश फौजेत असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्यात आणि पुढे रंगूनमध्ये गेले, आणि त्यानंतर ते कुटुंब इंग्लंडला गेले. त्यांच्याविषयी वाचताना लक्षात आले की चार्ली चॅप्लिन यांचीही जन्मतारीख १६ एप्रिलच आहे, साल १८८९. मग उत्सुकता चाळवली आणि आणखी शोध घेतला, तर नट, नाटककार आणि अव्वल दर्जाचे गप्पिष्ट म्हणून जगभर गाजलेले पीटर उस्टिनोव्ह १६ एप्रिल १९२१चे निघाले, आणि ‘लकी जिम’ या कादंबरीतून विद्यापीठातल्या प्राध्यापकांची यथेच्छ टोपी उडवणारे किंग्ज्ली एमिस १६ एप्रिल १९२२चे.

एकाच देशातील आणि एकाच प्रकारची प्रतिभा लाभलेली चार माणसे एकाच तारखेला जन्मावीत, याला योगायोगापलीकडे काही अर्थ आहे का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, ब्रिटिशांमध्ये याहून सरस तारीख कोणाला ठाऊक आहे का? माणसे ब्रिटिश असावीत आणि त्यांच्यात तारखेखेरीज आणखी एखादा दुवा असावा, एवढीच अट आहे. नुसत्या नावांच्या याद्या कृपया देऊ नयेत. त्या कुठेही मिळतात.

शंकासुर
चौघेही मेष राशीचे, तेव्हा भिंतीवर डोके आपटण्याची हौस जन्मजात असणार. विनोदाला तेवढे भांडवल पुरते.

थट्टा बाजूला ठेवून विचारतो. ज्यांच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभे राहिले, ते डॉक्टर हान्स स्लोन १६ एप्रिल १६६०चे. गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड १६ एप्रिल १९३९च्या. ही दोन नावे तुम्ही गाळली, कारण ती तुमच्या गोष्टीत बसत नव्हती. हवी ती नावे वेचायची आणि मग त्यांच्यातील साम्य पाहून थक्क व्हायचे, हा प्रकार मला पटत नाही.

रेडिओवेडा
धागाकर्त्यांनी मिलिगन यांचे नाव घेतले आणि नेमकी त्यांच्याच घरातली गोष्ट सांगायची विसरले. ‘गून शो’ १९५१ ते १९६० या काळात चालला. त्यातील मुख्य कलावंत तीन: मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सेकम. यांपैकी सेकम यांचा जन्म ८ सप्टेंबर १९२१चा आणि सेलर्स यांचा ८ सप्टेंबर १९२५चा! एक वेल्समधील स्वान्सीचा, दुसरा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथसीचा. तरीही पुढे आठवड्यामागून आठवडे एकाच ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून दोघांनी एकच वेडेपणा केला. दुव्याची अट इतकी चोख पाळणारी दुसरी तारीख मला तरी ठाऊक नाही. शंकासुर यांनी इथे नावे वेचल्याचा आरोप करून दाखवावा. ही चौकट माझी नाही, बीबीसीची आहे.

मिलिगन आणि सेकम यांच्या पहिल्या भेटीचा किस्सा दोघेही रंगवून सांगत असत. दुसऱ्या महायुद्धात दोघे उत्तर आफ्रिकेत तोफखान्यात होते. मिलिगन यांच्या तुकडीची एक अवजड तोफ उंचवट्यावरून घरंगळत खाली गेली आणि सेकम बसले होते त्या ठिकाणापासून थोड्याच अंतरावर आदळली. काही वेळाने एक डोके आत डोकावले आणि त्याने विचारले, “इथे कोणी तोफ पाहिली का?” त्यावर सेकम यांनी शांतपणे विचारले, “कोणत्या रंगाची?” पुढच्या दहा वर्षांच्या कार्यक्रमाची सगळी जातकुळी या दोन वाक्यांत आहे, असे मला नेहमी वाटते.

मृद्गंधा
रेडिओवेडा, ८ सप्टेंबर म्हटले की मराठी माणसाला आशाताई भोसले आठवतात (१९३३). त्या ब्रिटिश नाहीत हे मान्य, परंतु नोंद केल्याशिवाय राहवले नाही.

ससून_रोड
याच तारखेला कवी सीगफ्रीड ससून यांचाही जन्म झाला, १८८६ साली. पहिल्या महायुद्धातील खंदकांचे भीषण वास्तव इंग्रजी कवितेत आणणाऱ्यांमध्ये ते अग्रभागी होते. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, त्या डेव्हिड ससून यांचे ते पणतू. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले आणि लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. सीगफ्रीड यांच्या वडिलांनी ज्यू धर्माबाहेर विवाह केल्यामुळे घराण्याने त्यांना वारशातून वगळले होते, त्यामुळे ससूनांच्या अफाट संपत्तीचा फारसा वाटा कवीपर्यंत पोहोचला नाही. बगदादहून मुंबई-पुण्यात आलेल्या व्यापाऱ्याचा पणतू इंग्लंडच्या युद्धकाव्याचा आवाज ठरतो, हे मला तारखांच्या जुळणीपेक्षा अधिक विस्मयकारक वाटते.

सिंहहृदयी म्हणून ओळखला जाणारा राजा पहिला रिचर्डही ८ सप्टेंबरचाच, ११५७ सालचा.

गणितानंद
मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

क्रिकेटच्या सामन्यात मैदानाशी संबंधित दोन्ही संघांचे २२ खेळाडू आणि २ पंच अशी २४ माणसे धरा. त्यांच्यापैकी किमान दोघांची जन्मतारीख एकच असण्याची शक्यता जवळपास ५४ टक्के असते. माणसे २३ असली तरीही ती निम्म्याहून थोडी अधिक भरते. हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही, कारण प्रत्येकजण मनातल्या मनात स्वतःच्या तारखेशी जुळणारा माणूस शोधत असतो. त्यासाठी मात्र निम्मी शक्यता गाठायला इतर २५३ माणसे लागतात. २४ माणसांत जोड्या २७६ होतात, आणि त्यांतील कोणतीही एक जोडी जुळली तरी आपले काम झालेले असते. सगळी मेख इथे आहे.

आता रेडिओवेडा यांचे गून. सुरुवातीला मायकेल बेंटीन धरून ते चौघे होते. चौघांत एखादी जोडी जुळण्याची शक्यता सुमारे १.६ टक्के येते. हे प्रमाण कमी आहे, पण अद्भुत म्हणावे इतके नाही: चार-चार कलावंतांच्या साठेक चमू पाहिल्या तर एखादी अशी सापडायला हवी, आणि ब्रिटनमध्ये अशा चमूंची कधीच वाण नव्हती.

१६ एप्रिलचे गणित आणखी सोपे आहे. ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशात पन्नास हजारांहून अधिक व्यक्तींची चरित्रे आहेत आणि त्यात हयात माणसे घेतच नाहीत. ३६५ने भागले तर प्रत्येक तारखेच्या वाट्याला सरासरी १३५हून अधिक नामवंत येतात. त्यांतून चार विनोदी, चार कवी किंवा चार दर्यावर्दी निवडून काढणे मुळीच अवघड नाही. शंकासुर यांचा मुद्दा बरोबर आहे. त्यांनी तो मेष राशीच्या मागे दडवला एवढेच.

तिथीवार
राशीचा उल्लेख झालाच आहे, म्हणून हे सांगणे भाग आहे. शंकासुर ज्याला मेष म्हणतात ती पाश्चात्त्य पद्धतीची सूर्यरास. आपल्याकडे रास चंद्रावरून धरतात आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. आपल्या पंचांगाने पाहिले तर या चौघांचा वाढदिवस एका दिवशी येतच नाही. मिलिगन आणि उस्टिनोव्ह शुद्ध पक्षातले, त्यातही पहिले पंचमी-षष्ठीच्या सुमाराचे आणि दुसरे अष्टमी-नवमीच्या. एमिस वद्य पक्षातले आणि चॅप्लिन पौर्णिमेच्या आसपासचे. तिथीने औक्षण करायचे ठरवले तर चार वेगवेगळ्या दिवशी निरांजन लावावे लागेल. ज्योतिषावर विश्वास असणाऱ्यांनीही या धाग्यातून काही सिद्ध झाल्याचे समजू नये, इतकेच.

दप्तरदार
सर्व सदस्य तारखा पक्क्या आहेत असे गृहीत धरून पुढे जात आहेत, म्हणून थोडे थांबवतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून सुरू झाली. त्यापूर्वी चर्चच्या नोंदवहीत प्रामुख्याने बाप्तिस्म्याची तारीख लिहिली जाई, जन्माची नव्हे. शेक्सपिअरचे प्रसिद्ध उदाहरण घ्या. २६ एप्रिल १५६४ ही त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख आहे. २३ एप्रिल हा जन्मदिवस परंपरेने ठरवला गेला, कारण तो इंग्लंडचा संरक्षक संत जॉर्ज याचा दिवस आहे आणि १६१६ मध्ये शेक्सपिअर वारला तोही त्याच तारखेला. चित्रकार टर्नर यांनीही स्वतःची जन्मतारीख २३ एप्रिल १७७५ सांगितली, आणि तिलाही त्यांच्या शब्दापलीकडे आधार नाही. राष्ट्रकवीच्या आणि राष्ट्रसंताच्या पंक्तीला बसायची संधी असेल तर ती कोण सोडेल?

चॅप्लिन यांचे प्रकरण याहून मजेदार आहे, कारण त्यांच्या जन्माच्या वेळी नोंदणी सक्तीची होती आणि तरीही त्यांचा जन्मदाखला आजतागायत सापडलेला नाही. १९५०च्या दशकात ब्रिटिश गुप्तचर खात्याने शोध घेतला, तेव्हा त्यांच्याही हाती काही लागले नाही. लंडनमधील वॉलवर्थ भागात आपण जन्मलो असे चॅप्लिन स्वतः सांगत. त्यांच्या मृत्यूनंतर सापडलेल्या एका पत्रात मात्र स्मेदिकजवळच्या ब्लॅक पॅच येथील भटक्यांच्या गाडीत त्यांचा जन्म झाल्याचे म्हटले आहे. त्या काळातील छापील पुरावा म्हणावा तर ‘मॅग्नेट’ या रंगभूमीविषयक पत्रात मे १८८९ मध्ये आलेली छोटी जाहिरात आहे, आणि तिच्यात मुलाचा जन्म गेल्या महिन्याच्या १५ तारखेला झाल्याचे छापले आहे! म्हणजे ज्या नावावर हा धागा उभा आहे, ते नाव कदाचित एक दिवस आधीचे असेल.

पोटभाडेकरू
दप्तरदार, यात नवल ते काय? महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची एवढी प्रचंड संख्या आहे की तिच्यापुढे ब्रिटिशांच्या साऱ्या तारखा फिक्या पडतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी मुलाकडे एकदा पाहिले, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पुरतो का ते तपासले आणि १ जून लिहून टाकले, असे जन्म आमच्या गावात घरटी एक तरी आहेत. गणितानंद यांनी त्यांचे सूत्र आमच्या ग्रामपंचायतीला लावून पाहावे.

गणितानंद
पोटभाडेकरू, तुमच्या गावात सूत्र आपोआप निवृत्त होईल. सर्व तारखा सारख्याच संभवनीय आहेत, हे त्याचे पहिले गृहीतक आहे आणि गुरुजींनी ते आधीच मोडीत काढले आहे.

दिनदर्शक
दप्तरदार यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. ब्रिटनने ग्रेगरियन दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्यामुळे १७५२ सालच्या ८ सप्टेंबरला ब्रिटनमध्ये कोणीही जन्मले नाही. सेलर्स, सेकम आणि ससून यांची तारीख त्या वर्षी अस्तित्वातच नव्हती.

याचा अर्थ असा की, त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तारखा सरळ एका रांगेत लावता येत नाहीत. सिंहहृदयी रिचर्डचा ८ सप्टेंबर ११५७ हा जुन्या पद्धतीचा आहे. आजच्या पद्धतीने तो १५ सप्टेंबर ठरतो. शंकासुर यांनी उभे केलेले हान्स स्लोनही अशाच रीतीने १६ एप्रिलवरून २६ एप्रिलला सरकतात. न्यूटनचा जन्म इंग्लंडमध्ये १६४२ च्या नाताळच्या दिवशी झाला आणि तेव्हा युरोपातील बऱ्याच भागांत ४ जानेवारी १६४३ उजाडला होता, हे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १७५२ पूर्वीचे ब्रिटिश या स्पर्धेतून बाद करावेत, अशी माझी सूचना आहे.

शंकासुर
स्लोन बाद झाले तरी डस्टी स्प्रिंगफील्ड शिल्लक आहेत. माझा आक्षेप जुन्या पद्धतीनेही खरा आणि नव्या पद्धतीनेही खरा.

मृद्गंधा
आता माझी तारीख मांडते: १२ मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०) यांच्यामुळे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो, हे सर्वांना ठाऊक असते. पण याच तारखेला १९१० मध्ये डोरोथी हॉजकिन जन्मल्या. क्ष-किरणांच्या साहाय्याने पेनिसिलिन, ब-१२ जीवनसत्त्व आणि पुढे १९६९ मध्ये इन्सुलिन यांच्या रेणूंची रचना उलगडण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले, आणि विज्ञानातील नोबेल मिळवणारी त्यांच्याखेरीज दुसरी ब्रिटिश स्त्री आजवर झालेली नाही. हातापायांची बोटे संधिवाताने वाकडी झालेली असताना त्यांनी हे अतिशय नाजूक काम केले.

दुवा पुढे आहे. ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा ब्रिटनमधील अत्यंत मानाचा सन्मान १९०२ मध्ये सुरू झाला. तो मिळवणारी पहिली स्त्री नाइटिंगेल, १९०७ मध्ये. दुसरी स्त्री थेट १९६५ मध्ये, आणि ती हॉजकिन! मधल्या अठ्ठावन्न वर्षांत एकाही स्त्रीला तो दिला गेला नाही, आणि जेव्हा दिला तेव्हा १२ मे रोजीच जन्मलेल्या स्त्रीला दिला. दोघींपैकी एक फ्लॉरेन्समध्ये जन्मली आणि दुसरी कैरोत, हाही त्यांच्यातील एक दुवाच. याच तारखेला कवी-चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी (१८२८) आणि निरर्थिकांचे बादशहा एडवर्ड लिअर (१८१२) यांचेही जन्म झाले.

गणितानंद म्हणतील की शक्यता अमुक टक्के. ती काय असेल ती असो, परंतु या जोडीतून मला त्या रिकाम्या अठ्ठावन्न वर्षांकडे पाहावेसे वाटले, आणि ती वर्षे योगायोगाने रिकामी राहिलेली नाहीत.

गणितानंद
मृद्गंधा, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. तारखेने तुम्हाला दारापर्यंत नेले. आतले जे सापडले त्याचा तारखेशी काही संबंध नव्हता.

विटीदांडू
३० नोव्हेंबर: विन्स्टन चर्चिल (१८७४) आणि फुटबॉलपटू गॅरी लिनेकर (१९६०). दोघांना जोडणारा दुवा मला सापडलेला नाही. कोणाला सापडल्यास कळवावे.

शंकासुर
सोपे आहे. दोघेही जर्मनीला नडले. एकाला यश आले. दुसऱ्याने १९९०च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात गोल केला आणि तरीही त्याचा संघ पेनल्टीवर हरला.

लंडनस्थ
पहिली अट ‘माणसे ब्रिटिश असावीत’ अशी आहे, आणि नेमकी तीच अट धागाकर्त्यांचे लाडके मिलिगन पूर्ण करत नाहीत, हे सांगताना वाईट वाटते. त्यांचे वडील आयर्लंडमधील स्लायगोचे. १९६०च्या दशकात मिलिगन यांच्या ब्रिटिश पारपत्राचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार देऊन त्यांनी आयरिश नागरिकत्व पत्करले. म्हणूनच त्यांना पुढे मिळालेली नाइटहूड मानद होती. नगरला जन्म, पुण्यात आणि रंगूनमध्ये बालपण, ब्रिटिश फौजेत नोकरी, बीबीसीवर कीर्ती आणि आयरिश पारपत्र अशा माणसाला कोणत्या खान्यात बसवणार?

उलट चॅप्लिन यांनी अमेरिकेत चार दशके काढूनही तेथील नागरिकत्व घेतले नाही. १९५२ मध्ये ते लंडनला निघाले असताना अमेरिकेने त्यांचा परतीचा परवाना रद्द केला आणि ते स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले; पण अखेरपर्यंत ब्रिटिश राहिले. उस्टिनोव्ह यांच्या घराण्यात रशियन आणि जर्मन रक्त, जन्म मात्र लंडनचा. त्यांनीही स्वित्झर्लंडमध्येच घर केले, आणि चॅप्लिन व उस्टिनोव्ह दोघांनीही एकाच वो प्रांतात देह ठेवला. चौघांमधील निखळ इंग्रज म्हणावेत असे एमिस एकटेच, आणि चौघांमध्ये सर्वांत चिडखोरही तेच.

इतिहासजमा
आतापर्यंतच्या सर्व तारखांमध्ये एक उणीव आहे: जुळलेल्या तारखेने कोणाच्याही आयुष्यात काही घडवलेले नाही. सेलर्स आणि सेकम यांची तारीख वेगळी असती तरी ‘गून शो’ झालाच असता. ज्या तारखेने खरोखर काही घडवले, ती १ मे.

वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन १ मे १७६९ हा आपला जन्मदिवस मानत असे. (दप्तरदार यांच्यासाठी: डब्लिनच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद ३० एप्रिलची आहे, त्यामुळे इथेही गोंधळ आहेच.) १ मे १८५० रोजी ड्यूकच्या ८१व्या वाढदिवशी व्हिक्टोरिया राणीला मुलगा झाला. केवळ या कारणासाठी त्याचे नाव ड्यूकच्या नावावरून आर्थर ठेवले आणि ड्यूकला त्याचा धर्मपिता केले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला लंडनचे महाप्रदर्शन उघडले. विंटरहाल्टर या चित्रकाराने तो दिवस रंगवला आहे: वयोवृद्ध ड्यूक गुडघे टेकून वर्षाच्या बाळाला नक्षीदार पेटी देत आहे, बाळ आईच्या हातातून पुढे झुकले आहे आणि मागे दूरवर क्रिस्टल पॅलेस दिसतो आहे.

दोघांचाही महाराष्ट्राशी संबंध आला. तरुण आर्थर वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. उतारवयातही तो या लढाईचा उल्लेख अभिमानाने करत असे. त्याचा धर्मपुत्र आर्थर, ड्यूक ऑफ कॅनॉट, १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. फौजेचा पेशाही त्याने नावाबरोबरच घेतला, असे म्हणायला हरकत नसावी. आणि १ मे हा महाराष्ट्र दिन आहे, हे मी सांगायला नकोच.

पोटभाडेकरू
म्हणजे आपण ज्या दिवशी ध्वजवंदन करतो, त्या दिवशी असईच्या विजेत्याचाही वाढदिवस असतो. ही माहिती सभागृहात सांगू नये.

खगोलप्रेमी
८ जानेवारी अद्याप कोणी मांडलेली नाही. उत्क्रांतीचा सिद्धान्त डार्विनखेरीज स्वतंत्रपणे मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस (१८२३), गायिका शर्ली बॅसी (१९३७), स्टीफन हॉकिंग (१९४२) आणि गायक डेव्हिड बोवी (१९४७) यांची ही तारीख. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरण्याच्या अवघे काही दिवस आधी बोवी यांनी अंतराळात हरवलेल्या यात्रिकाचे गाणे आणले, म्हणून हॉकिंग आणि बोवी यांच्यात मला आकाशाचा दुवा दिसतो.

हॉकिंग यांनी तर हा धागा कधीच निकालात काढला होता. गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षे झाली त्या दिवशी आपण जन्मलो, हे ते सांगत, आणि लगेच पुस्ती जोडत की त्या दिवशी जगात आणखी सुमारे दोन लाख मुले जन्मली असावीत.

मृद्गंधा
सर्वांच्या तारखा वाचून झाल्यावर एक गोष्ट लिहावीशी वाटते. १२ मेचे लिअर आणि १६ एप्रिलचे मिलिगन यांचा वाढदिवस एक नाही, परंतु वाङ्मयीन नाते सख्खे आहे. लिअर यांनी १८४६ मध्ये निरर्थक पद्यांचे पुस्तक काढले आणि इंग्रजीत त्या प्रकाराची परंपरा रुजवली. मिलिगन यांच्या मुलांसाठीच्या कविता त्याच परंपरेतल्या. लिअर १८७३ ते १८७५ या काळात भारतात चित्रे काढत फिरले. धोबी, पंखा, कमरबंद असे इथले शब्द मुद्दाम भलत्याच अर्थाने वापरून त्यांनी एक कविता लिहिली आणि ती १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. पुण्यात वाढलेल्या मिलिगन यांनीही पुढे लालकाका आणि बॅनर्जी अशी पात्रे ‘गून शो’मध्ये आणली. तारीख न जुळताही माणसे अशी जुळतात. त्यामुळे दुवा शोधायला तारखेपासूनच आरंभ का करावा, असा प्रश्न मला पडला आहे.

काकू_पुणेकर
उस्टिनोव्ह यांच्याविषयी कोणीच पुरेसे लिहिले नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी इंदिरा गांधी घरून चालत निघाल्या होत्या, त्या उस्टिनोव्ह यांनाच मुलाखत देण्यासाठी. ते चित्रीकरणाच्या पथकासह बागेत वाट पाहत होते आणि गोळ्यांचे आवाज त्यांना ऐकू आले. विनोदवीरांच्या यादीत बसवलेल्या माणसाच्या वाट्याला असा दिवसही आला होता, म्हणून लिहिले.

रेडिओवेडा
लंडनस्थ यांनी मिलिगन यांना बाद केले असले, तरी त्यांच्या थडग्याचा दगड पाहता ते स्वतःच याला हसले असते. “मी आजारी आहे, हे मी तुम्हाला सांगितले होते,” असा मजकूर त्यांना हवा होता. चर्चच्या अधिकाऱ्यांना तो इंग्रजीत नको होता, म्हणून तो आयरिश भाषेत कोरण्यात आला. सेकम एप्रिल २००१ मध्ये गेले. तो आपल्या अंत्यविधीत गाणार नाही याचा आनंद वाटतो, असे मिलिगन म्हणाले होते. फेब्रुवारी २००२ मध्ये मिलिगन गेल्यावर त्यांच्या स्मरणसभेत सेकम यांच्या गाण्याची ध्वनिफीत वाजवली गेली आणि सेकम यांनी शेवटचा शब्द राखलाच.

नगरी_खाक्या (धागाकर्ता)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या प्रश्नावर मी गणितानंद आणि शंकासुर यांचे म्हणणे मान्य करतो. दुसऱ्या प्रश्नाबाबत माझा कौल असा: दुव्याच्या अटीवर ८ सप्टेंबर पहिली, सन्मानाच्या जोडीमुळे १२ मे दुसरी, आणि तारखेने खरोखर काही घडवले म्हणून १ मे स्वतंत्र मानाची. चॅप्लिन यांची तारीख १५ असली आणि मिलिगन यांचे पारपत्र आयरिश असले, तर माझ्या १६ एप्रिलला उस्टिनोव्ह आणि एमिस एवढेच उरतात, त्यामुळे तिचा दावा मी मागे घेतो. नगरचा हक्क मात्र सोडणार नाही.

शंकासुर
डस्टी स्प्रिंगफील्ड यांना पुन्हा विसरलात.

गणितानंद
एक शेवटची शंका. चार गूनांपैकी सेलर्स, सेकम आणि मिलिगन यांची चर्चा झाली. बेंटीन यांची तारीख कोणी सांगितलीच नाही.

रेडिओवेडा
२६ जानेवारी १९२२. दुसऱ्या सत्रानंतर ते कार्यक्रमातून बाहेर पडले. चौघांपैकी ज्याची तारीख इथे सर्वांत शेवटी आली, त्याच्याच वाढदिवसाला आपल्याकडे दरवर्षी सार्वजनिक सुट्टी असते.